गिटार आणि गाऱ्हाणं

ऐंशीच्या दशकात आमच्या मालवणात विजेवर चालणारी गिटार माझ्या माहितीत एकच होती, आणि ती माझ्याकडे होती. हे मी फुशारकीने सांगत नाही. तिच्यापायी म्हैस दूध चोरायला लागली, असं शेजारणीने माझ्या आईला अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं होतं.

सुरुवात एका कॅसेटने झाली. माझे भावोजी बोटीवर कामाला. त्यांनी सुट्टीवर येताना ती आणली. परदेशातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या पोरांचा बँड. सगळ्यांच्या ओळखीची जुनी गाणी घ्यायची, त्यातले शब्द काढून टाकायचे आणि उरेल ते गिटारवर दणकून वाजवायचं, एवढंच त्यांचं काम. वेष्टनावर ती पोरं फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत होती. वडिलांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "लाटेर फळी घेवन उभे रवतत? त्येंका होडी गावली नाय?"

वडील शाळामास्तर आणि देवळातल्या भजनाचे बुवा. शब्द खाल्लेला त्यांना खपत नसे, मग तो विद्यार्थ्याने खाल्लेला असो की टाळकऱ्याने. कॅसेटची एक बाजू त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, "वरात इली. नवरो खंय आसा?"

मी मात्र पुरता नादावलो होतो. म्हापशाच्या एका वादकाची जुनी गिटार घेऊन आलो. शाळेतला चित्रकलेचा मास्तर दुसऱ्या गिटारीला तयार झाला. ती त्याने सुताराकडून करून घेतली होती आणि तिचा आवाजही बराचसा सुतारासारखाच येई. तिसरा बँकेतला कारकून. त्याने लग्नाच्या बँडवाल्यांचे टाकलेले ढोल जमवले. कॅसेटमधल्या गिटारीचा आवाज घुमायचा, तसा घुमवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. म्हणून आम्ही घरामागच्या विहिरीच्या काठावर कर्णा आत तोंड करून ठेवायचो आणि सराव करायचो. आवाज खाली जाऊन थंड होऊन वर यायचा. पाणी काढायला आलेल्या बायका कळशी घेऊन तिष्ठत राहायच्या आणि आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करायच्या.

परक्यांची गाणी कशाला, आपली काय थोडी आहेत, असं म्हणून आम्ही वडिलांचंच एक आवडतं भजन उचललं. कॅसेटमधली खरी गंमत थांबण्यात होती. दोन ओळी धडाक्यात वाजवायच्या, तिघांनी एकदम थांबायचं, तीन-चार श्वास काही नाही, की पुन्हा तुटून पडायचं. ते थांबणं जमायला आम्हाला दोन महिने लागले.

वाडीच्या देवळात वर्षाची पूजा होती. भजन आणि आरती यांच्यामध्ये दहा मिनिटं आम्हाला द्यावीत, असं मंडळींनी ठरवलं. वडिलांनी अट घातली. "लोक हसले, तर दुसऱ्या दिवशी ता म्हापशाक परत. माका देवळात तोंड दाखवचा आसा." त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं. मला जेवण गोड लागेना.

तिन्हीसांजेला आम्ही उभे राहिलो. पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. आम्ही थांबलो. तेवढ्यात पुढच्या रांगेत डोळे मिटून बसलेले एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यांचा काही दोष नव्हता. आमच्याकडे पूजेला देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवाला एकेक मागणं सांगतो, आणि तो थांबला की जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ही जन्मभराची सवय. मांडवात काहीतरी दणदणीत चालू असताना मध्येच थांबलं, की जीभ आपोआप वळते.

दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा अर्धा मांडव म्हणाला. तिसऱ्यांदा सगळा. आणि मग जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. मी पुढे वाजवायचंच सोडलं. गिटार गेली, एवढंच मनात आलं.

वडील पेटीमागून उठले. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचंच. आता ते वायर उपटणार, असं मला वाटलं. ते माझ्याशेजारी येऊन देवाकडे तोंड करून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "थांबलंस कित्याक? वाजय."

आम्ही दोन ओळी वाजवल्या आणि थांबलो. त्या थांबण्यात वडिलांचा खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी आज ही जी काय सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा." आता कुणी हसत नव्हतं.

पुन्हा दोन ओळी. "काय चुकला माकला आसात, ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

पुन्हा दोन ओळी. "आणि ह्या माझ्या झिलाच्या हातात जा काय आसा, ता कोणी काढून घेव नये. त्येच्या बापाशीनसुद्धा."

सगळा मांडव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाला. मला म्हणता आलं नाही. पुढच्या दोन ओळी वाजवायच्या होत्या.