चांदबीची दोरी

"सोनं सांभाळणं सोपं, सोनेवालीला सांभाळणं अवघड," असं चांदबी म्हणायची, आणि तिने म्हटलेलं शोभायचं. ती तळोद्याची बांगडीवाली. डोक्यावर टोपली घेऊन तापीकाठची गुजरांची गावं फिरायची. तोंड असं तिखट, की भाव पाडून मागणाऱ्या बाईला चार बांगड्यांबरोबर चार शब्दही फुकट मिळायचे. पण बांगडी भरताना हात इतका हलका, की नव्या नवरीच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. नवरा बशीर लवकर गेला. पोटी लेकरू नाही. माणसाला धरून ठेवायला काहीतरी लागतं, तिने इमान धरलं.

आषाढातली सातम, शुद्ध सप्तमी, म्हणजे तापीमाईचा वाढदिवस. त्यांतल्या एका गावी त्या दिवशी सगळे घाटावर, गावात चिटपाखरू उरायचं नाही. मग घराच्या किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या? त्या बायांच्या कमरेच्या छल्ल्याला लटकून घाटावरच यायच्या. आणि सणाचा दिवस म्हणून अंगावर असेल नसेल ते सोनंही यायचं. पण पाणी काय, ओल्या हातावरून पाटली निसटायला पापणी लवायचा अवकाश. तापीमाईच्या पोटात गेलं ते गेलं, मागायची सोय नाही. म्हणून मंगळसूत्र तेवढं गळ्यात ठेवायचं आणि बाकी सगळं चांदबीच्या दोरीला द्यायचं, अशी त्या गावाची रीतच पडली होती.

दोरी बशीरने वळलेली, सुताची, करंगळीएवढी जाड आणि बैलाच्या कासऱ्याच्या दुप्पट लांब. चांदबी ती कमरेला वेढे देऊन बांधायची आणि घाटाच्या वरच्या पायरीवर बसायची. एकेक बाई यायची, आपला छल्ला, पाटल्या, गोठ दोरीत अडकवायची आणि आपल्या हाताने गाठ मारायची. गाठ जिची तिनेच मारायची, तिनेच सोडायची. चांदबी गाठीला बोट लावत नसे. सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नसे, कारण घोट घेतला की उठावं लागतं, आणि उठायचं तर कमरेला लोकांचा संसार.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्न सालातल्या सातमीची.

त्या दिवशी रूपचंद पटेलाची बायको जसोदाबाई सगळ्यांत शेवटी आली. तिच्या पाटल्या, पुतळ्यांची माळ, वर किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. तिची गाठ दोरीच्या अगदी टोकाला बसली. तिच्याबरोबर तिची नवी सून रमिला होती. लग्नानंतरची पहिली सातम, म्हणून तिला तापीमाईची ओटी भरायची होती. पाण्यात दहा-बारा हातांवर एक दगडी चबुतरा आहे, मधोमध खांब असलेला. गुडघाभर पाण्यातून तिथे जायचं, ओटी ठेवायची आणि परत यायचं. रमिला निघाली.

ती चबुतऱ्यावर पोचली असेल नसेल, तोच पाण्याचा रंग फिरला. वर बऱ्हाणपुराकडे पाऊस कोसळला असणार. आधी फेस आला, मग काटक्या, मग मुळासकट उपटलेलं एक बाभळीचं झुडूप. चिखलाचा वास सुटला. ज्यांनी नदी पाहिली आहे त्यांना तो वास पुरतो. बाया लुगडी सावरत पायऱ्या चढू लागल्या आणि चढता चढता चांदबीच्या कमरेला झोंबल्या. जिला तिला आपली गाठ आधी सोडायची होती.

"वर चला, वर. पानी चढी ऱ्हायनं. वर गयात की समदं मिळी," चांदबी ओरडली आणि त्यांना ढकलत तीन-चार पायऱ्या वर घेऊन गेली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "रमिला कोठे शे?"

रमिला चबुतऱ्यावर उभी होती. पाणी तिच्या कमरेला आलं होतं. तिने चबुतऱ्याच्या खांबाला मिठी मारली होती आणि तिचं तोंड घाटाकडे होतं. भिकन भोयाची होडी पल्याडच्या काठाला, हाका मारून उपयोग नाही. पुरुषमाणसं वर देवळाच्या मागे स्वयंपाकाच्या चुलीशी. एकीने वाळत घातलेलं लुगडं फेकून पाहिलं. वाऱ्याने ते फुगलं, पाण्यावर आडवं पडलं आणि वाहून गेलं. मग सगळ्यांचे डोळे चांदबीच्या कमरेकडे गेले.

तिने दोरीचे वेढे भराभर काढले. पण त्या दोरीला निम्म्या गावाच्या किल्ल्या आणि सोनं. गाठी ओल्या होऊन दगडासारख्या झालेल्या.

"पहिले मन्ही गाठ सोडू दे, मंग फेक," एक म्हणाली. दुसरीने दोरी धरली. तिसरीने दुसरीचा हात धरला. कुणी वाईट नव्हतं हो. एकीची लेक लग्नाची होती, एकीने उसन्या पाटल्या घालून आणल्या होत्या. जन्माची पुंजी डोळ्यांदेखत पाण्यात भिरकावायची म्हणजे काय, हे घरात बसून सांगणं सोपं आहे.

चांदबीला ते कळत होतं. आपली दोरी गेली तर आपलं काय होईल तेही कळत होतं. गरीब विधवेने 'नदीने नेलं' म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? चोरही तेच म्हणतो. तिने पाण्याकडे पाहिलं. पाणी रमिलाच्या छातीला लागलं होतं.

तिने दोरीचं एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं टोक हिसकलं. ते टोक जसोदाबाईच्या हातात होतं. जसोदाबाई खाली मान घालून दातांनी आपली गाठ सोडवत होती. निम्मी सुटलीही होती. पाण्यातल्या सुनेकडे तिची पाठ होती. चांदबीने हे पाहिलं, दोरी तिच्या तोंडातून ओढून घेतली आणि सगळा जीव एकवटून फेकली.

सोन्याच्या आणि किल्ल्यांच्या भाराने दोरी सरळ गेली. रमिलाने ती झेलली, काखेखालून वेढा घेतला आणि खांब सोडला. पाण्याने तिला असं खेचलं, की चांदबी दोन पायऱ्या घसरली. मग सगळ्या बायांनी दोरी धरली. जसोदाबाईनेही धरली आणि हाताची सालटं निघेपर्यंत ओढली. कोण सून ओढत होतं आणि कोण सोनं, ते तापीमाईलाच ठाऊक. रमिला दोनदा पाण्याखाली गेली, दोनदा वर आली, आणि शेवटी पायरीवर येऊन पालथी पडली. जिवंत होती.

बायांनी आपापल्या गाठी शोधल्या. सगळ्यांच्या होत्या. टोकाची तेवढी नव्हती. जसोदाबाईचा जुडगा, पाटल्या आणि पुतळ्यांची माळ नदीने नेली होती.

रूपचंद पटेल धावत आला. सून वाचल्याचं बघून त्याने हात जोडले, मग सोन्याचं ऐकून ते हात खाली आले. "बाकी समद्यास्न्या गाठी ऱ्हायन्यात, आमनीच कशी सुटनी?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. धांदलीत कुणी जसोदाबाईकडे पाहिलं नव्हतं, जी ती आपल्या गाठीत गुंतलेली. मागून कुणीतरी चांदबीकडे बघत पुटपुटलं, "टोपली देखी ल्या तिन्ही."

चांदबीने जसोदाबाईकडे पाहिलं. जसोदाबाईचे ओठ फुटले होते, त्यांना दोरीचे धागे चिकटले होते. ती जमिनीकडे बघत होती. चांदबी एक शब्द, फक्त एक शब्द बोलली असती तर मोकळी झाली असती. पण मग आज संध्याकाळी रमिला त्याच घरात जाणार होती, त्याच सासूच्या हाताखाली जन्म काढणार होती. सून बुडत असताना सासू सोनं सोडवत होती, हे एकदा चारचौघांत उघड झालं की त्या घरात पोरीला कुणी सुखाने पाणीही पिऊ दिलं नसतं. असल्या वेळी खरं बोलणाऱ्याचं काय जातं? जातं ते दुसऱ्याचं.

चांदबीने स्वतःच टोपली उपडी केली. रंगीत काचा पायऱ्यांवर पसरल्या. मग तिने कमरेची पिशवी झटकली, पदर झटकला. "देखी ल्या," म्हणाली. एरवी चार शब्द फुकट देणारी बाई, त्या दिवशी एवढंच बोलली. काही सापडलं नाही. पण संशयाला सापडावं लागत नाही.

त्या संध्याकाळी पटेलाच्या वाड्याचं कुलूप दगडाने फोडलं. ठोक्यांचा आवाज तळोद्याच्या वाटेला लागलेल्या चांदबीला ऐकू आला. रस्त्यात बसून ती रडली, आणि कुणी पाहिलं नाही म्हणून आणखी रडली.

पुढचं वर्ष वाईट गेलं. बाया बांगड्या भरायच्या, पण घरात न घेता ओट्यावरच. कुणी उघड काही बोललं नाही. बोललं असतं तर चांदबीने उत्तर तरी दिलं असतं. पुन्हा सातम आली तेव्हा पटेलाने घाटावर लोखंडी पेटी ठेवली आणि तिच्यावर दोन गडी बसवले. बायांनी किल्ल्या आणि सोनं पेटीत टाकलं. चांदबी तीच वरची पायरी धरून बसली होती, पुढ्यात बांगड्या आणि कमर रिकामी. न यावं असं हजारदा वाटलं होतं, पण न येणं म्हणजे चोरी कबूल करणं.

रमिला सासूच्या मागून पायऱ्या उतरत आली. पेटीपाशी थांबली नाही. पेटीत टाकण्यासारखं तिच्या अंगावर काही नव्हतंच. ती सरळ चांदबीसमोर येऊन उभी राहिली. सगळ्या घाटाने माना वळवल्या. जसोदाबाई पायरीवरच थबकली.

रमिलाच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. तिने ती चांदबीच्या मांडीवर ठेवली.

"मी न्हाईसन येस, मावशी. तवलगून हिले धर."

चांदबीचे हात पुढे होईनात. "पोरी, लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. त्या रोज मी पान्यातून समदं देखं," रमिला म्हणाली. सासूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मग खाली वाकून मुलीचं टोपडं नीट केलं. "आन हाई बी त्या दोरीवरच व्हती, तवय कोनलेच माहीत नव्हतं."

ती पाण्याकडे गेली. चांदबीने मूल छातीशी घेतलं आणि ती परत येईपर्यंत मान वर केली नाही.