मले-तुलेवाली मॅडम

"मले, तुले!" बडी मॅडम नाक मुरडून म्हणाली, आणि अख्खी स्टाफरूम हसली.

शनिवार होता. शाळा सुटल्यावर मीटिंग ठेवली होती. पस्तीस-चाळीस टीचर, प्रत्येकाच्या समोर समोसा. आमचे व्हाइस प्रिन्सिपल सर रिटायर झाले होते आणि त्यांच्या जागी कोण येणार, हे त्या दिवशी कळणार होतं. मी तिसऱ्या लाइनीत बसली होती. रायपूरच्या पंडरी कापड बाजारातून आणलेली मोतिया रंगाची साडी नेसून. नवी. हे सांगाले आजही लाज वाटते, की मी नवी साडी नेसून गेली होती.

बडी मॅडम म्हणजे आमची प्रिन्सिपल. तिनं नाव घेतलं. माझं नाही. शाळा चालवणाऱ्या समितीच्या सेक्रेटरीची सून. तिले शाळेत येऊन दोन वर्षं झाली नव्हती. मले अकरा झाली होती. पूर्ण शाळेचं टाइमटेबल मी बनवत होती. कोण टीचर सुट्टीवर आहे, तिच्या वर्गावर कोण जाईल, तो अरेंजमेंटचा कागद रोज सकाळी माझ्या हातचा लागत होता. परीक्षेची बैठक व्यवस्था मी. बोर्डाची पत्रं मी. जुने सर फक्त सही करत. चांगला माणूस, म्हणायचे, "अगली कुर्सी तुम्हारी है।"

विज्ञानाचे एक सर उठले. त्यांनी हिंमत केली. "मैडम, अप्लाई तो इन्होंने भी किया था।"

"हाँ, किया था," बडी मॅडम म्हणाली. "मेहनती है। पर पेरेंट्स के सामने बिठाऊँगी तो बोलेगी क्या? 'मले पाहू द्या, तुले सांगते'?"

मग ते हसू. बाजूच्या मॅडमच्या तोंडातून समोशाचे कण उडाले.

हसू थांबल्यावर ती शांतपणे पुढं बोलली. ते शब्द मी जसेच्या तसे सांगते. "और फिर ऐडमिनिस्ट्रेशन की डिग्री भी चाहिए होती है। ये लोग काम अच्छा करते हैं। काम करने दीजिए।"

ये लोग.

पालकांसोबत मी अकरा वर्षं हिंदीत बोलत होती. वर्गात गणित शिकवताना इंग्रजीत. मले-तुले मी फक्त शाळेतल्या झाडूवाल्या मावशीसोबत बोलायची, कारण ती गोंदियाकडची होती. आणि बाबाचा फोन आला तर. बडी मॅडमनं ते कुठंतरी व्हरांड्यात ऐकलं असंल आणि जपून ठेवलं असंल, त्या शनिवारसाठी.

ती स्वतः मराठीच. पण तिचं मराठी जुन्या, मोठ्या घरचं. त्यांचा गणपती वेगळा, त्यांची नाटकं वेगळी. आम्ही रेल्वे क्वार्टरवाले. आमचा विहार वेगळा. आडनाव ऐकलं की ती पुढचं सगळं समजून घ्यायची. मले नोकरीवर घेतलं तेव्हा पहिला प्रश्न तिनं तोच विचारला होता, "म्हणजे तुम्ही ते… नागपूरवाले ना?" मी हो म्हटलं होतं. नागपुरात आमचं कोणीच नाही. पण तिले काय विचारायचं आहे ते मले समजलं होतं.

म्हणून मी हे सगळं मले-तुलेतच सांगून राहिली. मुद्दाम.

मीटिंग संपता संपता ती माझ्याकडं वळली. "अब आप इनको सब सिखा दीजिए। टाइमटेबल-वाइमटेबल। आपको तो आता है।"

मी काय म्हटलं? "जी मैडम।"

हे मी विसरली नाही. तिचं बोलणं एकीकडं, आणि माझं हे "जी मैडम" एकीकडं. दुसरं जास्त जळते.

घरी बाबा होते. रेल्वेच्या वॅगन शॉपमधून रिटायर झालेले. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून पोटासाठी रायपुरात आले आणि इथलेच झाले. नवरा भिलाईच्या स्टील प्लांटात शिफ्टवर, म्हणून बाबा आमच्याकडंच राहत. मी साडी न बदलता तशीच खाटेवर बसली आणि सगळं सांगितलं.

"मंग तू काय म्हणाली?" बाबानं विचारलं.

"जी मैडम म्हटलं."

"काहून?"

बाबा रागावले नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दाढी खाजवत म्हणाले, "डिग्री पायजे म्हणाली ना ते? तर मंग आण. डिग्री आणल्यावर सांगाले तिच्याजवळ काय राह्यते, ते पाहू."

सांत्वन नाही, काही नाही. आण.

कॉलेजात जाऊन शिकणं शक्य नव्हतं. एका दूरच्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स सापडला. शैक्षणिक प्रशासन, दोन वर्षांचा, मास्टर डिग्री. फॉर्म माझ्या पोट्टीनं भरून दिला. तेव्हा ती नववीत होती. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. "मम्मी, पहले पीडीएफ बनाओ, फिर अपलोड होगा। फोटो खींच के मत डालो, सर हँसेंगे।"

"हसू दे," मी म्हटलं. पण पीडीएफ शिकली.

रविवारी सकाळी लाइव्ह क्लास. घरात नेटवर्क यायचं नाही, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाले बसायची. रायपूरचा मे महिना. स्क्रीन दिसावी म्हणून डोक्यावरून ओढणी लॅपटॉपवर घ्यायची आणि त्या तंबूत बसून ऐकायची. घाम कीबोर्डावर पडायचा. खालून शेजारीण छत्तीसगढीत ओरडायची, "का करत हस ओ बहिनी, पापड सुखावत हस का?" मी म्हणायची, "हव, पापडच."

आणि शाळेत रोज सुट्टीनंतर एक तास मी त्या सुनेले शिकवत होती. ती वाईट नव्हती. "दीदी, ये अरेंजमेंट वाला फिर से समझाओ ना," म्हणायची. चॉकलेट आणायची माझ्यासाठी. पण ज्या खुर्चीवर बसून ती विचारायची, ती कोणाची हे तिलेही माहीत होतं आणि मलेही. तिनं एकदाही त्याचा विषय काढला नाही. वाईट नसणं पुरत नाही.

दुसऱ्या सत्रात शाळेच्या कायद्याचा पेपर होता. बाकीचे विद्यार्थी ग्रुपवर रडत होते की बोअर आहे, लक्षात राहत नाही. मले एकेक ओळ पाठ झाली. पद भरायचं तर जाहिरात द्या लागते. व्हाइस प्रिन्सिपलले बी.एड. लागते, शिकवण्याचा अनुभव लागतो. नोकरीची नोंद ज्या पुस्तकात असते, ते पाहायचा हक्क नोकरी करणाऱ्याले आहे. प्रत्येक यादीवर जो सही करते, तो जबाबदार. अकरा वर्षं मी ज्या ऑफिसात वावरत होती, तिथलं सगळं पहिल्यांदा मले उघडं दिसलं. आतापर्यंत मले वाटत होतं की मॅडम म्हणते तोच नियम. नियम तर बाहेर होता. छापलेला. मॅडमच्याही वर.

मग एका दिवशी बोर्डाच्या पत्रासाठी स्टाफच्या फाइली काढल्या. सुनेची फाइल उघडली. एम.ए.चा कागद होता. अनुभवाचा कागद होता, दोन वर्षांचा. बी.एड.चा कागद नव्हता. तिथं एक पिवळी चिठ्ठी होती, बडी मॅडमच्या अक्षरात. "बाद में।"

मी ती फाइल बंद केली, होती तशी कपाटात ठेवली. कोणाले बोलली नाही. बाबालेही नाही. मले त्या दिवशी इतका आनंद झाला की मी घरी येताना गोल बाजारात उतरून जिलेबी घेतली. पोट्टी म्हणाली, "आज क्या है?" मी म्हटलं, "काही नाही. खा."

लोक म्हणतील, तेव्हाच काहून नाही बोलली? कारण तेव्हा मी फक्त मले-तुलेवाली होती. मले डिग्री हातात पाहिजे होती. मी सव्वा वर्ष थांबली.

शेवटची परीक्षा घरातूनच, कॅमेऱ्यासमोर. तिकडून एका माणसाचा आवाज आला, "कमरा दिखाइए, चारों तरफ।" मी लॅपटॉप फिरवला. फ्रिज, पलंग, बाबाची औषधं, भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्यातला तो फोटो. कोणाचा ते सांगाची गरज नाही. तो आवाज थोडा थांबला. मग म्हणाला, "ठीक है, शुरू कीजिए।"

पास झाली. पहिल्या श्रेणीत. डिग्रीची प्रत काढून बडी मॅडमच्या टेबलावर ठेवली. तिनं चष्मा वर करून पाहिलं. दार बंद होतं, म्हणून मराठीत बोलली.

"अगं, ऑनलाइन? घरी बसून? असं तर उद्या भाजीवालीसुद्धा करेल."

"करंल ना, मॅडम," मी म्हटलं. "काहून नाही करणार? माझ्या फाइलीत लावा."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

महिनाभरानं शिक्षण कार्यालयात पाठवायची स्टाफची यादी तयार झाली. नाव, पद, त्या वर्षीपासून शिक्षणही, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. खाली "जाँचा गया" असं छापलेलं, तिथं दरवर्षी मी सही करायची. क्लार्कनं टाइप करून आणली. सुनेच्या नावापुढं लिहिलं होतं, एम.ए., बी.एड.

मी यादी घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "मैडम, बी.एड. का सर्टिफिकेट फाइल में नहीं है।"

"आ जाएगा। साइन करो।"

"आने के बाद करूँगी।"

तिनं पेन खाली ठेवलं. मग एकदम आवाज मऊ केला. मराठी. "असं काय करतेस? सही कर गं. शेवटी आपण मराठी माणसंच ना? परक्या मुलखात आपणच एकमेकांचं पाहायचं."

मी तिथं तेरा वर्षं होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासाठी मराठी माणूस झाली.

मी तिचंच पेन उचललं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "बी.एड. प्रमाणपत्र प्रस्तुत नहीं।" खाली पूर्ण नाव लिहून सही केली. नावापुढं डिग्री लिहिली. नवी डिग्रीसुद्धा.

"हे काय केलंस तू?"

"जाँचा."

"मी हा कागद फाडून टाकीन."

"फाडा." मी मोबाइल काढून तिच्या समोरच त्या कागदाचा फोटो घेतला.

पुढं जे व्हायचं ते झालं. मले गणितावरून काढून नर्सरीत पाठवलं. स्पष्टीकरण मागणारी तीन पत्रं आली. मी तिन्ही पत्रांची उत्तरं दिली, प्रत्येक उत्तरात नियमाचा नंबर. टीचर माझ्या बाजूले बसणं टाळू लागले. विज्ञानाचे सरही. मी रजिस्टर पोस्टानं, त्या फोटोसकट, शिक्षण कार्यालयात तक्रार टाकली. चौकशी लागली. एका सोमवारी सून शाळेत आलीच नाही, मग तिचा राजीनामा आला.

आणि बडी मॅडमनं काय केलं? लिहून दिलं, की टाइप करताना क्लार्कची चूक झाली. क्लार्क सस्पेंड. तो माझ्या दारात उभा राहिला, मान खाली. "दीदी, मैंने तो वही टाइप किया जो मैडम ने बोला।" त्याच्याजवळ तो कच्चा कागद होता, ज्यावर बडी मॅडमनं स्वतःच्या हातानं बी.एड. लिहून दिलं होतं. भला माणूस. फेकला नव्हता.

मग मी दुसरी तक्रार केली. या वेळी शाळेवर नाही. तिच्या नावानं. क्लार्कनं जबाब लिहून दिला.

मधल्या काळात मले नवा रायपूरच्या बाजूले एका लहान शाळेत प्रिन्सिपलची नोकरी लागली. इंटरव्ह्यूत विचारलं, "पुरानी जगह क्यों छोड़ रही हैं?" मी म्हटलं, "गलत कागज पर साइन करने को बोला, मैंने नहीं किया।" समोरचे तिघं एकमेकांकडं पाहत राहिले. आठ दिवसांनी पत्र आलं. बाबानं ते दोनदा वाचायले लावलं. मग उठून दाढी केली.

मागच्या आठवड्यात बडी मॅडम माझ्या शाळेत आली. शिपायानं सांगितलं तेव्हा माझ्यासमोर काहीच काम नव्हतं. तरी मी तिले बाहेर बसवलं. वीस मिनिटं. मी घड्याळ पाहत बसली होती. हे मी लपवत नाही.

आत आली तेव्हा ती थकलेली दिसत होती. केस पूर्ण पांढरे. म्हणाली, "माझं एक वर्ष राहिलंय गं. निवृत्तीच्या तोंडावर हे नको. तू तक्रार मागे घे."

"क्लार्कचं काय, मॅडम?"

"त्याचं मी पाहीन."

"तुमी पाहालच. पण मले ते लेखी पायजे. बी.एड. कोणी लिहायले लावलं, ते तुमच्या अक्षरात."

ती म्हणाली, "तुला यातून मिळणार काय? आता तर तू प्रिन्सिपल झालीस."

"मले काय मिळायचं ते मी पाहून घेईन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहत राहिली. मले बरं वाटलं. खूप बरं वाटलं. वाईट वाटंल म्हणून मी वाट पाहिली. नाही वाटलं.

घरी पोट्टी म्हणाली, "मम्मी, छोड़ दो ना। बूढ़ी है बेचारी।" नवराही म्हणाला, आता आपलं भागलं, कशाले लोकायच्या मागं लागायचं.

माझं भागलं. क्लार्क अजून सस्पेंड आहे. आणि त्या शाळेत अजून अशा कितीतरी मॅडमा आहेत, ज्या "जी मैडम" म्हणून घरी जातात आणि साडी न बदलता खाटेवर बसतात. पण खरं सांगू? मी फक्त त्यांच्यासाठी करत नाही. मी माझ्यासाठीही करून राहिली. तिनं लिहिलेलं तिनं कबूल केलं पायजे. सगळ्यायच्या समोर, उभं राहून.

गुरुवारी अकरा वाजता शिक्षण कार्यालयात तक्रारीची सुनावणी आहे. सुट्टीचा अर्ज दिला आहे. कागद लावून ठेवले आहेत. ती रडली तरी मी थांबणार नाही. आणि निकाल तिच्या बाजूनं लागला, तर त्याच्याही वर एक ऑफिस आहे. तिथला पत्ता मी आजच लिफाफ्यावर लिहून ठेवला.