घरचे नंबर वगळून

हेमंत गेल्याचं शुभाने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी गिरगावातल्या आमच्या छापखान्यात एक लग्नपत्रिका जुळवत बसले होते. शुभा त्याची बायको. सकाळी लोअर परळच्या ऑफिसात त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... एवढंच ती कसंबसं बोलली. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. डोळ्यांसमोर हेमंत नव्हताच. कणकवलीजवळच्या आमच्या गावी घरापुढच्या खळ्यात बसलेली त्याची आई, माई, होती, आणि तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन. त्या फोनने माईला सांगितलं तर? कारण गावातलं कुणी गेलं की सगळ्यांच्या फोनवर मेसेज धाडणारी सोय हेमंतनेच उभी केली होती, आणि ती चालवता येणारी आता मी एकटीच उरले होते.

मी मूळचीच भित्री. पाल चुकचुकली तरी कृष्ण कृष्ण म्हणणाऱ्यातली. हेमंत आणि मी लालबागच्या एकाच चाळीत समोरासमोरच्या खोल्यांत वाढलो आणि लहानपणापासून तो मला भागूबाई म्हणायचा. चाळीच्या तळमजल्यावर आमच्या गावच्या मंडळाची खोली. गिरणीत कामाला आलेली गावची माणसं एकेकाळी तिथेच राहायची, पाळीप्रमाणे झोपायची. दाराशेजारी एक फळा. गणपतीला गावी जाणारी बस, कुणाचं बारसं, कुणाची मयत, सगळं त्या फळ्यावर खडूने. गिरण्या बंद झाल्या तशी माणसं नालासोपारा, डोंबिवली, कुठे कुठे पांगली. फळा जागच्या जागी, आणि वाचायला कोणी नाही. लोक मयतीला यायचे ते तिसऱ्या दिवशी, तोंड पाडून, "आम्हाला कळलंच नाही हो" म्हणत.

हेमंत तेव्हा नुकताच एका कंपनीत लागला होता. फोनवर क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य आणि रिंगटोन पुरवायची कंपनी. त्या वेळचे फोन आठवतात ना? काडेपेटीएवढा पडदा, त्यावर चार ओळी काळ्या अक्षरांच्या, आणि ते पान उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा. हेमंत म्हणाला, लोकांना कन्या राशीचं फोनवर कळतं, मग आपल्या गावचं का कळू नये? आणि पठ्ठ्याने सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या खोलीत बसून फळ्याचं एक वॅप पान, म्हणजे त्या छोट्या पडद्यावर उघडणारं इंटरनेटचं पान, बनवलं. मराठी अक्षरांच्या जागी फोन नुसते चौकोन दाखवायचा, म्हणून रोमन लिपीत. मजकूर माझा, कारण कमी शब्दांत बसवायची सवय मलाच. लग्नपत्रिका काय आणि मयत काय, शब्द मोजूनच लागतात. पण पान उघडायला लोक घाबरायचे. इंटरनेटचं बटण चुकून दाबलं गेलं तरी बॅलन्स जाईल म्हणून निखारा असल्यासारखा फोन लांब धरायचे. शेवटी हेमंतने उलटा मार्ग काढला. लोक फळ्याकडे येत नाहीत ना, मग फळाच त्यांच्याकडे जाईल. नंबर नोंदवा, मेसेज आपोआप येईल.

आणि पहिल्याच वर्षी ते घडलं. आमचे धोंडूकाका गेले. त्यांची मुलगी सुलभा, सासूबरोबर हिंदमाताला नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलेली. आमच्यात अशा वेळी खरं कोणी सांगत नाही. तिचा भाऊ तिला आणायला निघाला होता, तो दुकानात जाऊन म्हणणार होता की बाबांना जरा जास्त झालंय, चल. वाटेत तिने काय ते ओळखलं असतं, रडली असती, घरी पोचेपर्यंत मन थोडं तयार झालं असतं. आपली रीतच तशी आहे, बातमी टप्प्याटप्प्याने द्यायची. पण हेमंतने मेसेज सगळ्यांना एकदम सोडला, आणि यादीत सुलभाही होती. भाऊ पोचायच्या आधी फोन पोचला. बाप गेला आणि तिरडी किती वाजता उठणार, दोन्ही तिला साड्यांच्या ढिगासमोर उभं राहून वाचावं लागलं. ती तिथेच कोसळली.

दहाव्यानंतर हेमंत तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "घरी पोचेपर्यंत तरी माझे बाबा राहिले असते रे."

त्या दिवसापासून हेमंतने नियम केला. मयत असली की आधी घरच्यांचे नंबर वगळायचे, मग बाकीच्यांना पाठवायचं. ज्याच्या घरातलं गेलं त्याला माणसानेच सांगायचं, आणि शेजारपाजाऱ्यांना मेसेज गेलेला असला की कोणी ना कोणी त्या घरी जाऊन बसतंच. पाठवायचं बटण दाबण्याआधी पडद्यावर प्रश्न यायचा, 'घरचे नंबर वगळले?' हे तो मंडळाच्या सभेत सांगायचा, गावी गणपतीत सांगायचा, ज्याला त्याला कौतुकाने सांगायचा. तरी लोकांची भीती गेली नाहीच. फळ्याचा मेसेज वाजला की बायका पदर तोंडाला लावायच्या. आमची एक मावशी तर फोन तांदळाच्या डब्यात ठेवायची, म्हणायची, वाजला तरी ऐकू नको येऊ दे. हेमंत हसायचा. मला नाही हसू यायचं. मी मनात घरातली माणसं मोजून घ्यायचे. पुढे मोठे फोन आले, व्हॉट्सॲप आलं, पण गावच्या म्हाताऱ्यांचे फोन बटणांचेच राहिले, आणि मुंबईतलेही विचारायचे, "फळ्यावर आलं का?" फळ्यावर आलं की खरं.

माईचा फोनही बटणांचाच. म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारे श्रद्धांजलीचे फोटो तिच्यापर्यंत पोचणार नव्हते. पोचला तर फळाच पोचला असता. मी टॅक्सी करून लालबागला आले, मंडळाची खोली उघडली, कॉम्प्युटर लावला. एवढी वर्षं मजकूर माझा आणि बटण त्याचं. आता दोन्ही मीच. त्याच्या नावाची अक्षरं टाइप केली आणि पुसली, टाइप केली आणि पुसली... मग यादी उघडली. गेल्या गणपतीत त्याने माईला दोन सिमांचा नवा फोन दिला होता. यादीत कुठलं सिम? जुना नंबर अजून चालू असला तर? शुभाला अशा वेळी विचारायचं कसं? तरी विचारलं. माईच्या नावाचे दोन्ही नंबर काढले, शुभाचा काढला, परत परत तपासलं. 'घरचे नंबर वगळले?' पडद्यावर प्रश्न आला. तो जणू मागे उभा राहून विचारत होता. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

माईचा पुतण्या, भाई, कणकवलीहून गाडी घेऊन तिला आणायला निघाला होता. हेमंतला ताप भरलाय, तुझी आठवण काढतोय, असं सांगायचं ठरलं. ती येईपर्यंत हेमंतला दवाखान्यातच ठेवलं होतं. तो दिवस आणि ती रात्र मी कशी काढली माझं मला ठाऊक. वाटेत गाडी थांबली की भाईचा फोन यायचा. तो हळूच सांगायचा, काही नाही, गप्प बसलीय, खिडकीतून बघतेय. माईचा फोन वाजला नव्हता. हेमंतचा नियम हेमंतच्या आईला सांभाळत होता.

सकाळी गाडी चाळीपाशी थांबली. माईला आधी मी गाठावं असं ठरलं होतं. 'हेमंतची तब्येत जास्त आहे' हे वाक्य मी तोंडातल्या तोंडात घोकत दार उघडलं. तिने माझा हात धरला आणि उतरायच्या आधीच म्हणाली,

"गो, माका फसव नको. काल सगळ्या वाडयेत फोन वाजले, माझो वाजाक नाय. तेवाच समाजला. तेनाच सांगितलान होता माका, घरच्यांच्या फोनार येणा नाय म्हणान."

मग भाईकडे डोळ्यांनी खूण करून ती हळू आवाजात म्हणाली, "मी काय बोलाक नाय. तो बिचारो गाडी चालवी होतो."

म्हणजे घाट उतरताना, चढताना, एवढा सगळा रस्ता तिला ठाऊक होतं. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. हे कळल्यावर मला जी धास्ती वाटली ती अजून गेलेली नाही. एक माणूस आयुष्यभर जपून एक दार बंद करतो, आणि बातमी त्या बंद दारातूनच आत येते... मग कोणाला काय सांगायचं आणि कसं? आताही फळ्यावर काही टाकायचं म्हटलं की हात बटणापाशी थांबतो. कुणाच्या तरी घरात न वाजलेला फोन हातात धरून कोणी बसलं असेल का, हेच मनात येतं.

तेरावं झाल्यावर माई गावी जायला निघाली. पिशवी भरून झाल्यावर फोन माझ्यापुढे धरला, म्हणाली, माझा नंबर परत यादीत घाल. मी म्हटलं, माई, राहू दे ना. मला तर तिला कुठलाच मेसेज पाठवायची भीती वाटत होती. तिने ऐकलं नाही.

"घाल गो. आता माझ्यापासून लपवूक माझा कोण रवला हा?"

मी नंबर घातला.