आधी सांगा, मंग उठवा

"आधी सांगा, मंग उठवा," असं म्हणत चाचणीच्या टेबलावरचे काका बोर्डाच्या कडेला दोन बोटं लावायचे आणि मगच स्विच दाबायचे.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात दूध केंद्रांसाठी वजनाची यंत्रं बनत. यंत्राच्या पोटात तळहाताएवढा बोर्ड, त्यावर लिनक्स ही संगणक-प्रणाली. वीज मिळाली की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हातात एक ओळ देतो: फायली कुठे आहेत, अक्षरं कुठल्या वायरीवर पाठवायची, मेमरी किती. कर्नल त्या ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ही ओळ काका प्रत्येक बोर्डासाठी एका बोटाने टाइप करायचे, तीही मोठ्याने वाचत. मेमरीचा आकडा आला की चष्मा कपाळावर सारून चिपवरचा नंबर वाचायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. आम्ही तर रोज हसायचो.

काका किन्हवलीचे. घरची भातशेती सांभाळून कामाला यायचे. "पोर झोपंतून उठलं, तर घर कुठं, चूल कुठं, त्याला कोणी सांगाया नको?" असं आम्हालाच विचारायचे.

मी कल्याणहून येणारा नवा इंजिनियर, सदा घाईत. एकेका बोर्डाला त्यांना पाच मिनिटं लागायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी मी ती ओळ बूटलोडरमध्येच कायमची घालून टाकली. मेमरी चौसष्ट एमबी. "काका, आता फक्त स्विच दाबायचा." ते जरा हिरमुसले. दोन बोटं लावायची सवय मात्र राहिली.

बोर्डांचा पुढचा माल आला तेव्हा ते बोर्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, या चिपचा नंबर येगळा हाय. बत्तीसची वाटते."

मी स्क्रीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "चालू होतोय ना? मग सही करा आणि पुढे घ्या."

"सुरू तर व्हतो," ते म्हणाले, आणि त्यांनी चाचणीच्या कागदावर सही केली.

बोर्ड आमच्या टेबलावर चालले आणि दूध केंद्रांवर दोन-तीन तासांत बंद पडू लागले. कर्नलला मी चौसष्ट सांगितले होते, प्रत्यक्षात होते बत्तीसच. बिचारा नसलेल्या जागेत माल भरत होता. सगळे बोर्ड परत आले. मालकांनी चाचणीचे कागद आमच्यापुढे टाकले. प्रत्येकावर काकांची सही.

"बघून केलीत का ही?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेनचं टोपण काढत-घालत बसलो.

"सही माजीच हाय," काका म्हणाले.

त्याच शनिवारी त्यांना कामावरून कमी केलं. नंतर चूक शोधून दुरुस्त केल्याबद्दल मालकांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी धीर करून एसटीने किन्हवलीला गेलो. काका खळ्यावर भात उपणत होते. "बसा साहेब, च्या टाकाया सांगतो. बोर्डं आता धड उठतात ना?"

"उठतात," मी म्हणालो. माफीचं वाक्य वाटेत दहा वेळा घोकलं होतं. चहा संपला तरी ते तोंडातून निघालं नाही. थांब्यापर्यंत सोडायला आले तेव्हा तेच म्हणाले, "त्या बोर्डाचा काय दोष नाय हो. त्याला सांगितलं, तेवडंच त्यानं धरलं."

पुन्हा जाईन म्हणत राहिलो. मग एक दिवस कारखान्यातच कळलं, काका गेले.

नोकरी सोडताना मी चाचणीच्या टेबलाचा खण रिकामा केला. तळाशी त्यांच्या हातचा एक पुठ्ठा होता. त्यावर ती अख्खी ओळ, शाळकरी अक्षरात. मेमरीच्या आकड्याची जागा मोकळी सोडलेली. तिच्याखाली पेन्सिलीने 'चिप बघून' लिहून खोडलेलं, आणि शेजारी नवं लिहिलेलं: 'साहेबांना विचारून'.

त्यांनी विचारलं होतं.