डाव्या हाताची चार बोटं

माझ्या मुलीचं गिटार मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आता ती मोठमोठ्या स्टेजवर वाजवते आणि लोक मला थांबवून म्हणतात, तुम्हाला केवढा आनंद होत असेल. आनंद होतो. पण ते रॉक संगीत मला कळत नाही. पत्र्यावरून वाळू ओढल्यासारखा आवाज, आणि गाणाऱ्याचा एक शब्द अजून मला लागलेला नाही. विचारायचंच असेल तर तिच्या बोटांबद्दल विचारावं. त्यातलं मला सगळं माहीत आहे.

आम्ही चिकलठाण्याच्या बाजूला राहतो. नवऱ्याची कंपनी तिथंच, पाळी सकाळी सातची. माझी शाळा दुपारची, मी गणित शिकवते. सासूबाई आमच्याजवळ असतात आणि मुलगी एकुलती एक. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. मुलगी लहान होती तेव्हा पाणी तिसऱ्या दिवशी यायचं, मग पाचव्या, मग आठव्या. येतं ते सकाळी दहाच्या सुमारास, तासभर. दाब इतका कमी की फाटकाजवळ खड्डा करून नळ खाली घेतलाय. खड्ड्यात हंडा लावायचा, भरला की वर ओढायचा आणि मागच्या अंगणातल्या पिंपात नेऊन ओतायचा. त्याआधी पिंपं घासायची, तळाला उरलेल्या पाण्यात चादरी धुऊन काढायच्या. आमच्या गल्लीत साखरपुड्याची तारीखसुद्धा पाण्याचा दिवस सोडून धरतात.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना गल्लीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला होता. दुपारी त्यांचे लोक वायरी जोडत होते. त्यांच्यातल्या गिटारवाल्यानं सूर लावायला एक तार ओढली, आणि ही माझ्याबरोबर दळण घेऊन चाललेली, पिशवी रस्त्यात ठेवून तिकडं जाऊन उभी राहिली. संध्याकाळचा कार्यक्रम काही तिला फारसा आवडला नाही. गाणी नेहमीचीच होती. तिला ती एक तार आवडली होती.

दोनेक महिन्यांनी तिच्या शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण तासभर बाकाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं दाबत बसते, काही सवय लागलीय का बघा. घरी आल्यावर मी हात पुढं करायला सांगितला. चार बोटांच्या टोकांवर आडव्या लाल रेघा उठलेल्या. विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं की गिटारवाल्या काकांनी त्यांची बोटं दाखवली होती, टोकं अशी टणक झाल्याशिवाय तार दाबता येत नाही म्हणाले. घरात गिटार नव्हतं, ते मिळेल असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि हिनं बोटं तयार करायला घेतली होती.

माझं माहेर सोयगावकडचं, शेतकऱ्याचं. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसतात. पहिला आठवडा रडू येतं, मग घट्टे पडतात आणि काही कळेनासं होतं. ती रेघ मला ओळखीची होती. पोरीचे चित्रकला, कराटे, स्केटिंग असले हट्ट मी त्याआधी मोडून काढले होते. हा मोडायला गेले नाही. काही मागायच्या आधीच तिनं काम सुरू केलं होतं.

शहागंजमध्ये एका बोळात पेट्या, बँजो, जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडून एक जुनं गिटार घेतलं आणि शिकवणीही त्यांनीच दिली, दुकानात, गिऱ्हाईक सांभाळत. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "उंगली को पानी नको लगने देव बेटा. आठ दिन की मेहनत एक बालटी में जाती." मला वाटलं, म्हाताऱ्या कारागिराचं बोलणं आहे, दिलं सोडून. पाण्याच्या दिवशी पिंपं घासणं हे मुलीचंच काम होतं. तिचे हात लहान, पिंपाच्या तळापर्यंत ती अर्धी आत वाकून पोचायची.

दहावी झाली आणि ती विजेच्या गिटारवर गेली. त्याच्या तारा पोलादी, बारीक, आणि बोटानं त्या ओढून वाकवायच्या असतात. अकरावीत कॉलेजच्या गॅदरिंगला चार मुलांच्या बँडमध्ये तिला घेतलं. नेमका तो पाण्याचा दिवस होता. सकाळी मी तिला नेहमीसारखी कामाला लावली. तासभर पिंपात, वर चादरी. संध्याकाळी मी पहिल्या रांगेत बसले होते. दुसऱ्या गाण्यात ती थांबली. मऊ पडलेल्या बोटात तार शिरली होती, गिटारच्या पांढऱ्या पट्टीवर रक्त उतरलं. बाकीच्यांनी गाणं कसंबसं पुरं केलं, ती बाजूला हात धरून उभी राहिली. पोरं हसली. रिक्षात ती एवढंच म्हणाली की मी अजून कच्ची आहे. ती कच्ची नव्हती. चूक माझी होती, आणि मला चाचांनी सांगितलेलं असून झालेली.

पुढच्या पाण्यापासून मी तिला बाद केलं. पिंपं नाहीत, भांडी नाहीत, धुणं नाही. तिच्या वाटणीचं मी घेतलं. सासूबाईंना हे पटणं शक्य नव्हतं. त्या दारात खुर्ची टाकून बसत आणि खड्ड्यात वाकलेल्या माझ्याकडं बघून बोलत.

"आता काय पोरीची बोटं तिजोरीत ठेवता व्हय?"

मी हंडा ओढत राहायचे.

"लई लाड झाले. सासरी गेल्यावर पाण्याला कोण, तू जाणार का?"

"रोज पाणी येतं असं घर बघू," मी म्हणाले.

"असं घर या गावात नाय," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

पुढची सहा-सात वर्षं अशीच गेली. हे लिहिताना फार वाटत नाही, पण दर आठ दिवसांनी दोघींच्या वाटणीचं पाणी भरून, आंघोळ उरकून, साडेबाराला शाळेत त्रैराशिक शिकवायला उभं राहायचं म्हणजे काय, ते माझी कंबर सांगेल. मुलगी रोज चार तास वाजवायची, शिवाय कॉलेज. चाचा म्हणाले, माझ्याकडचं संपलं, आता ही मला शिकवते. ती संगणकाची पदवी पास झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला समोर बसवलं. एक वर्ष, म्हणाले. वर्षात वाजवण्याचं कायमचं काम मिळालं तर माझी काही हरकत नाही. नाही मिळालं तर कंपनीत स्टोअरला जागा निघतेय, तिथं चिकटायचं, आणि मग गिटार रविवारी. माझा नवरा वाईट माणूस नाही. मलाही ते बरोबरच वाटलं, म्हणून मी मधे पडले नाही.

त्या वर्षात तिनं लग्नांतल्या संगीताला वाजवलं, लेण्यांच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवणाऱ्या लोकांपुढं वाजवलं, लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या. यातलं कायमचं काहीच नव्हतं. अकरा महिने संपले. तिचे वडील एकदा जेवताना म्हणाले की स्टोअरवाले विचारत होते. ती मान खाली घालून जेवत राहिली.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका बँडचा फोन आला. त्यांचा गिटारवाला परदेशी निघाला होता, जागा भरायची होती. तिघांना बोलावलं होतं, ही त्यातली एक. हिची वेळ शेवटची, शनिवारी सकाळी अकराला. त्यांची वीसेक गाणी बसवून यायचं आणि सलग दोन तास वाजवायचं. तीन आठवडे तिनं दुसरं काही केलं नाही. हे हुकलं तर पुढच्या महिन्यात स्टोअर, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी मी शाळेच्या जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. शुक्रवारी पाणी होतं.

नवऱ्यानं रजा मागितली, पाळीतले दोघे आधीच रजेवर, मिळाली नाही. टँकरवाला आधी हो म्हणाला, मग फोन उचलेना. उन्हाळ्यात तो असाच वागतो. शेजारी कुणाला सांगावं तर त्या तासात सगळी गल्ली आपापल्या खड्ड्यात वाकलेली असते. सासूबाई म्हणाल्या, मी भरते. त्यांना तांब्या धरताना हात कापतो. पिंपांत चार बोटं पाणी उरलं होतं.

शुक्रवारी दहाला नळानं फुसफुस केली. मी डाव्या हातानं पिंपं घासून ठेवली होती, जशी घासली गेली तशी. हंडा खड्ड्यात लावला, भरला, आणि तो खड्ड्याच्या काठापर्यंत आला की माझ्या हातातून सुटायचा. दोनदा सुटला. मग मुलगी आली. डाव्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून मनगटाला रबर लावलेलं.

"काढ ते," मी म्हणाले. "घामानंही मऊ पडतात."

"मग कोण भरणार? तू, त्या प्लास्टरनं?"

"मी भरते."

"दोनदा पडलेला मी बघितलाय."

ती आत गेली आणि माळ्यावरून मोठं पातेलं काढून घेऊन आली. दोन कड्यांचं, आमच्या लग्नात सासरच्यांनी आमटीसाठी घेतलेलं. पिशवी काढून तिनं डावा हात पाठीमागं ओढणीच्या गाठीत खोचला. एक कडी तिच्या उजव्या हातात, दुसरी माझ्या डाव्या. खड्ड्यातून पातेलं वर आलं. फाटकापासून मागच्या अंगणापर्यंतची वाट अरुंद आहे, त्यामुळं दोघींना तिरकं चालावं लागत होतं. पाणी माझ्या बाजूला सांडत होतं, कारण मी तिच्यापेक्षा बुटकी.

सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. तिसऱ्या का चौथ्या खेपेला म्हणाल्या, "दोघी मिळून एक बाई झालात." आणि जरा वेळानं, "पायरीपाशी नीट."

पायरीपाशीच तिचा पाय अडखळला, आणि ओढणीतून डावा हात सुटून पातेल्याकडं आला. मी एवढ्या जोरात ओरडले की समोरची बाई आपला हंडा टाकून बघायला लागली. हात पाण्याच्या वीतभर अलीकडं थांबला. तिनं तो परत गाठीत खोचला.

मागं जाताना तिनं एकदम विचारलं, "आई, तुला माझं वाजवणं आवडतं का?"

"नाही."

"कधीच?"

"गाणं सुरू व्हायच्या आधी एक तार ओढतेस ना, सूर लावायला. तेवढं बरं वाटतं."

ती पिंपापाशी थांबली. "मग इतकी वर्षं माझं पाणी का भरतेस?"

"तू पिंपं नीट घासत नव्हतीस. तळ सोडायचीस."

ती इतकी हसली की पातेलं टेकवावं लागलं, आणि तेवढ्यात नळाचं दोन मिनिटांचं पाणी वाया गेलं. मी रागावले. तास संपला तेव्हा पिंपं पाऊण भरली होती. जपून वापरलं तर पुरण्यासारखं. तिनं ओढणीतून हात काढून माझ्यापुढं धरला. मी अंगठ्यानं एकेक टोक दाबून पाहिलं. चारही कोरडी, बोंडाच्या वाळक्या टोकासारखी. मी म्हटलं, जा, बस चुकेल.

शनिवारी दुपारी दोनला फोन आला. घेतलं, म्हणाली. मी विचारलं, कायमचं? वर्षाचा करार, म्हणाली, मग पुढं बघतात, पण दौरे आत्तापासूनच आहेत, पुढच्या गुरुवारी निघायचं. मी मनात मोजलं. म्हणजे पाण्याच्या आदल्या दिवशी. तिनंही मोजलं असणार, कारण लगेच म्हणाली, शुक्रवारी भरून निघू का, मी सांगते त्यांना. मी म्हटलं, पहिल्याच दौऱ्याला असलं काही सांगायचं नाही. सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, तिथं नळाला रोज पाणी येतं का. संध्याकाळी तिचे वडील आले. ऐकून त्यांनी बूट काढले, हात-पाय धुतले, आणि म्हणाले, स्टोअरवाल्यांना सोमवारी नको म्हणून सांगतो.

याला आता चार वर्षं झाली. करार दरवर्षी वाढतो. प्लास्टर होतं तोवर पाण्याच्या दिवशी नवऱ्यानं आधीच रजा टाकून ठेवली. माझं मनगट जुळलं, पण भरलेला हंडा उचलला की अजून दुखतं, म्हणून आता शेजारच्या बाईशी ठरवलंय, तिचं पाणी आणि माझं पाणी मिळून त्याच पातेल्यानं ओढतो. मुलीचे दोन कार्यक्रम मी पाहिले, कानात कापूस घालून. हजारो पोरं हात वर करून उभी होती. मी तिची बोटं बघत होते. गाणं सुरू व्हायच्या आधी तिनं सूर लावायला एक तार ओढली, तेव्हा तेवढ्यापुरता कापूस काढला होता.

तिच्या खोलीत आम्ही दोन जास्तीची पिंपं ठेवलीत. ती येते तेव्हा त्यांच्यामध्ये गादी टाकते. गेल्या महिन्यात आली तो सातवा दिवस होता, पिंपं रिकामी, आणि रिकाम्या पिंपांत तिचा तो आवाज असा घुमतो की डोकं उठतं. मी आत जाऊन म्हटलं, आज राहू दे, उद्या पाणी आहे, भरल्यावर वाजव.

"उद्या मी येऊ का भरायला?" तिनं विचारलं.

"कार्यक्रम कधी आहे?"

"रविवारी."

"मग बस तिथंच," मी म्हटलं, आणि एकेक पिंप आडवं करून अंगणाकडं ढकलत नेलं, घासायला.