ओंडक्यांच्या घरातली मोरी

एक्क्याण्णवचा ऑक्टोबर. कार्डिफच्या बाहेरचं आमचं जुनं, ओंडके रचून बांधलेलं घर... आणि खाली सगळीकडे भुसाच भुसा. बिल्डर म्हणाला होता, ख्रिसमसनंतर बघू. म्हणून मी आणि माझा नवरा सुरेश, वीकेंडला स्वतःच खालच्या मजल्यावर नवं बाथरूम बांधत होतो.

घाई होती सासूबाईंसाठी. साताऱ्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. वरच्या बाथरूममध्ये खाली कार्पेट आणि उंच काठाचा टब... त्यांचे गुडघे असे, की टबात पाय टाकणं अशक्य.

आंघोळीशिवाय चहाही न घेणारी ही बाई ओल्या टॉवेलने अंग पुसून दिवस काढत होती. "मला दिवाळीच्या आत परत पाठवा," एवढंच म्हणायच्या. मला ते फार लागायचं.

तर, प्लॅन सुरेशचा. ओंडक्यांचं घर ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं, म्हणून आतली भिंत छताला भिडवायची नाही, वर फट ठेवायची... हे त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. भिंतींचा लाकडी सांगाडा उभा राहिला. कोपऱ्यात छोटासा शॉवर, बाकी खाली फळ्याच. आम्ही जाम खूश!

सांगाड्यावर प्लास्टरबोर्ड ठोकायच्या आधी आईंना दाखवायला आणलं. त्या सरळ आत शिरल्या. हत्यारांचं खोकं ओढून शॉवरच्या जागी बसल्या, रिकामी बादली पुढ्यात घेतली आणि चहाच्या मगाने चक्क कोरडी आंघोळ सुरू केली... नेसत्या साडीनिशी! दुसऱ्याच मगाला कोपर खाडकन लाकडावर आपटला.

"हात फिरत नाही बघ. आणि पाणी जाणार कुठं? तुझ्या फळ्यांवर?"

"अगं आई, शॉवर आहे ना. खाली नुसतं उभं राहायचं."

"एवढा वेळ उभं राहायचे गुडघे असते तर तुझ्या टबातच नसते का गेले?"

सुरेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला हसू आवरेना.

सांगाडा उकलला, हातभर पुढे घेतला. खाली फरशी, कडेला बुटका कठडा, कोपऱ्याकडे उतार आणि जाळी. थोडक्यात काय, वेल्समध्ये मोरी! प्लंबर डोकं खाजवत होता, पण काम चोख केलं पठ्ठ्याने.

दिवाळीच्या तोंडावर आई पहिल्यांदा आत गेल्या. मगामागून मग ओतल्याचा आवाज... संपेचना. मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी. गरम पाणी पार संपल्यावर त्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. चेहरा लालबुंद.

"सुरेश, तिकीट मार्चपर्यंत ढकलता येतंय का बघ रे."

'आई, हे घर तुमचंच आहे' असं मी त्यांना रोज म्हणायचे. त्यांना ते पटलं त्या दिवशी... आणि खरं सांगायचं तर त्या परक्या गारठ्यात मलाही ते घर माझं वाटायला लागलं.