क्रांतीचा एक गुण

माझी धाकटी जाऊ क्रांती त्रेचाळिसाव्या वर्षी कराटे शिकायला लागली, तेव्हा गावात सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर मी. मोठी जाऊ म्हणून तो माझा हक्कच होता. लेकीला वर्गाला सोडायला ती समाजमंदिरात जायची; एका रविवारी स्वतःच पोरींच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या पुढची पोर पाचवीतली.

शिकवायला विनेश सर अलिबागहून मोटारसायकलवर येत. ते म्हणाले, "दहा जणी जमल्या तर बायकांचा वेगळा वर्ग घेतो. एकटीसाठी नाही परवडणार." क्रांती घरोघर फिरली. आमच्या बायका वस्ताद. म्हणाल्या, "अलिबागच्या स्पर्धेत तू एक तरी गुण काढ, मग आमची नावं लिव."

एक गुण. जिंकायचीही अट नव्हती, तरी स्पर्धेच्या आधी दोन दिवस तिला जेवण जाईना. वर्ग तिला मनापासून हवा होता. "ताई, सारा जन्म वाकून काम केलं. एकदा ताठ उभं ऱ्हाऊन बघू की," असं ती मला म्हणाली होती. मी म्हटलं, "आधी भाकऱ्या थाप."

फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी पाहावी, म्हणून मी बरोबर गेले. पस्तिशीवरच्या गटात मोजून चौघी. क्रांतीच्या वाट्याला आली थळची सुचिता, मासळी विकणारी. तिचे खांदे बघून घाम मात्र मला फुटला. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझं हसू कुठं पळालं कुणास ठाऊक. पांढऱ्या ड्रेसातली आमची क्रांती मला एकदम लहान दिसायला लागली.

नियम असा, की तीनदा रेषेबाहेर पाय गेला की खेळाडू बाद. पंचांनी इशारा केला, सुचिता एक पाऊल पुढं आली, क्रांती दोन पावलं मागं. सुचिता पुढं, क्रांती मागं. गेली रेषेबाहेर! पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. दोनदा बाहेर झालं, आणि तोवर सुचितानं तीन गुण घेतले. सर घसा फोडून ओरडत होते, "पुढं या! पुढं या!"

पुढं कशी येणार? भाताच्या लावणीत कोणी पुढं चालतं का? वाकायचं, रोप खोचायचं, पाय मागं घ्यायचा. पुढं गेलं तर आपणच लावलेलं तुडवू. पंचवीस पावसाळे तिच्या पायांनी हेच केलंय, शेजारच्या ओळीत माझ्याही. सर बिचारे शहरात वाढलेले, त्यांना चिखलातलं काय ठाऊक!

तिसऱ्यांदा ती मागं निघाली तशी मी खुर्चीवर चढले आणि सगळा हॉल ऐकेल अशी बोंबलले, "क्रांती, बांध! मागं बांध आला गं!"

तिची टाच रेषेच्या बोटभर अलीकडं थांबली. बांधाला टाच लागली की कंबर सरळ करायची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. ती ताठ झाली आणि मूठ पुढं आली. ती अजून मागं जाईल अशा समजुतीनं धावत आलेली सुचिता थेट त्या मुठीवर आली. छातीच्या कवचावर धप्पकन आवाज झाला. पंचांनी क्रांतीच्या बाजूचा हात वर केला.

गुण मिळाला! आणि आमची बया काय करतेय, तर सुचिताचा दंड धरून विचारतेय, "लागलं का गं बाय?" पंच तिच्यावर खेकसले. सुचिताला तर हसूच आवरेना. पुढं क्रांती सहा-एक अशी हरली, पण ते सहा कोण मोजतंय? मी खुर्चीवरच नाचत होते. शेजारच्या बाईनं माझा पदर धरला, नाहीतर मीच बाद झाले असते.

एसटी स्टँडवर बसून क्रांतीनं गावात फोन लावले. बायका शब्दाला जागल्या. एकेक नाव सांगत होत्या आणि ती वहीत लिहीत होती. आठ नावं झाली.

"तू धरून नऊ," मी म्हटलं. "दहावीचं काय?"

तिनं वही माझ्यापुढं धरली. सगळ्यात वर तिचं नाव. त्याच्याखाली, दुसऱ्या शाईत, रंगू दयाराम. म्हणजे मी.

"हे कधी लिवलंस?"

"सरांनी दहा जणी मागितल्या, त्याच दिवशी."

"आनी गुण न्हाय मिळाला असता तर?"

"तर काय, आपण दोघीच शिकलो असतो. मला येतंय तेवढं मी तुला शिकवलं असतं."

इतकी हसले मी तिला, आणि तिनं मला पहिल्याच दिवशी मोजलं होतं. भर स्टँडवर माझे डोळे भरून आले. मी पदरानं तोंड पुसलं आणि तिला म्हटलं, "सरांना फोन लाव. माझ्या मापाचा ड्रेस मिळतो का इचार."